कोणते यंत्र चांगले? : काकांच्या वहीचे परीक्षण

गेल्या जानेवारीत आमच्या काकांनी माझ्या हातात एक वही ठेवली आणि म्हणाले, "तू मंडळाच्या अंकात पुस्तकांवर लिहितोस ना? मग हे वाच. आणि शेवटी एवढंच सांग, कोणतं घेऊ?"

काकांचे नाव छापायचे नाही अशी काकूंची अट आहे. ती मान्य करूनच लिहितो. पण वॉटफर्डच्या मंडळींना ओळख लागायला वेळ लागणार नाही. गणपतीत साउंड सिस्टिम बिघडली की ज्यांना हाक मारतात, तेच हे काका. साताऱ्याकडून १९७१ साली या देशात आले, वॉटफर्डच्या एका छापखान्यात यंत्रदुरुस्तीत उभी हयात काढली, २००१ साली निवृत्त झाले. त्या काळी हे गाव छापखान्यांचे गाव होते, आणि यंत्र पाहिले की त्याचे झाकण उघडल्याशिवाय काकांना चैन पडत नसे. आता गुडघे कुरकुरतात, पण झाकणे अजून उघडली जातातच.

ती वही म्हणजे भारतातून आणलेली लाल कापडी बांधणीची लांबट खतावणी. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली तारीख १९९६ ची, आणि मग शंभराहून जास्त पाने एकाच विषयावर: जमिनीतले धातू शोधणारे यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, कोणत्या कंपनीचे घ्यावे. जमाखर्चाच्या रकान्यांत कंपनी, मॉडेल, वजन, फ्रिक्वेन्सी, खोली, किंमत, शेरा आणि शंभरपैकी गुण. तीस वर्षांत काकांनी अनेक यंत्रे तोलली, मोजली, शेजाऱ्यापाजाऱ्यांची हाताळून पाहिली. विकत एकही घेतले नाही.

पहिली दहा पाने वाचताना मी हसलो. पुढे हसू ओसरले, कारण आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या वहीत असे रकाने भरत बसलेलो असतो. म्हणून हे परीक्षण मनापासून लिहितो आहे. कडू वाटले तर काकांनी पुढच्या रविवारचा चहा बंद करावा.

*

ज्यांना या छंदाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे मेटल डिटेक्टर म्हटले की देवळाच्या किंवा मॉलच्या दारातली चौकट आठवते. इथे मात्र रविवारी सकाळी कानाला हेडफोन लावून, नांगरलेल्या शेतात दांड्याला लावलेली चकती डावी-उजवीकडे झुलवत, पावसात भिजत चालणारी हजारो माणसे आहेत. यात निवृत्त पोस्टमन असतात, प्लंबर असतात, शाळामास्तर असतात. 'ट्रेझर हंटिंग' हे त्यांचे मासिक १९७७ पासून निघू लागले आणि 'द सर्चर' १९८५ पासून. यंत्राच्या चाचण्या आणि जाहिराती शेजारी शेजारी छापण्याची परंपरा या मासिकांनी मोठी केली.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. चकतीत तारांची दोन वेटोळी असतात. एक चुंबकीय लहरी सोडते. त्यांच्यामुळे जमिनीतल्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि त्यांचा प्रतिध्वनी दुसरे वेटोळे ऐकते. प्रतिध्वनी किती उशिरा आला यावरून धातू कोणता असावा याचा अंदाज बांधतात. फ्रिक्वेन्सी कमी असेल तर मोठी, जाड वस्तू खोलवर सापडते, जास्त असेल तर लहान, पातळ वस्तू चांगली कळते. हे तत्त्व जुने आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली तेव्हा टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने असेच यंत्र करून शरीरातली गोळी शोधायचा प्रयत्न केला होता. तो फसला, आणि पलंगाच्या लोखंडी स्प्रिंगांनी घोटाळा केला असे सांगतात. यंत्राला दोष देण्याआधी खाली काय आहे ते पाहावे, हा धडा या छंदाने तेव्हापासून शिकायला हवा होता.

दुसरी गोष्ट आपल्यासारख्या परदेशस्थांनी लक्षात ठेवावी अशी आहे. दुसऱ्या महायुद्धात सुरुंग शोधण्याचे हातात धरण्याजोगे यंत्र तयार केले ते स्कॉटलंडमध्ये आश्रयाला आलेल्या योझेफ कोसात्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्याने. त्याने पेटंट घेतले नाही. यंत्र ब्रिटिश सैन्याला देऊन टाकले आणि १९४२ मध्ये अल अलामेनच्या वाळवंटात ते वापरले गेले. आज ब्रँडवरून भांडणाऱ्यांच्या तोंडी हे नाव क्वचितच येते. त्याची कंपनी नव्हती, मग जाहिरात कोण करणार?

*

आता वहीकडे वळू.

वहीचा पहिला गुण म्हणजे प्रामाणिकपणा. काका कोणाचे मिंधे नाहीत. मासिकातला परीक्षक बहुधा कंपनीने पाठवलेले यंत्र घेऊन शेतात जातो, दिवसभरात दोन-चार नाणी सापडतात, आणि शेवटच्या परिच्छेदात 'किमतीच्या मानाने उत्तम' असा निकाल लागतो. काकांच्या शेऱ्यात असली गुळचट भाषा नाही. एका अमेरिकन यंत्राविषयी ते लिहितात, 'आवाज गोड, पण खोटे बोलते.' दुसऱ्याविषयी, 'मूठ अशी की अर्ध्या तासात मनगट मागते.' ही वाक्ये वाचल्यावर यंत्र डोळ्यांसमोर उभे राहते. चांगल्या समीक्षेचे हे लक्षण आहे.

दुसरा गुण असा की यंत्रांच्या जन्मभूमीचा विचार काकांनी केला आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटला. टेक्सासची गॅरेट कंपनी १९६४ ची. तिच्या स्वस्त आणि लोकप्रिय यंत्रांच्या पडद्यावर अमेरिकन नाण्यांच्या खुणा असतात: पेनी, निकेल, डाइम, क्वार्टर. अमेरिकेतल्या बागेत हरवलेली नाणी शोधण्यासाठी ती मुळात शिकवली गेली. हर्टफर्डशरच्या शेतात मात्र मध्ययुगातली, हातोडीने ठोकलेली, कागदासारखी पातळ चांदीची नाणी असतात. मोड नसे म्हणून तेव्हा पेनी कापून अर्धी आणि पाव करीत. असा पाव तुकडा चकतीखाली आला की टेक्सासचे यंत्र गोंधळते आणि पडद्यावर भलतेच नाव दाखवते. काकांचा शेरा: 'नवीन आला आहे. गावची नाणी ओळखत नाही. आम्हीही ओळखत नव्हतो.' १९७१ साली, दशमान पद्धत सुरू झाली त्याच वर्षी, हीथ्रोवर उतरलेल्या माणसाने लिहिलेले हे वाक्य आहे हे विसरू नये.

ऑस्ट्रेलियाच्या मिनलॅबचा जन्म अ‍ॅडलेडचा. तिथली माती लोहयुक्त, तांबडी. साधे यंत्र त्या मातीवरच ओरडत सुटते. म्हणून मातीचा आवाज वजा करून धातूचा आवाज ऐकायचा कसा, यावर या कंपनीने डोके चालवले आणि एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी यंत्रे नावारूपाला आणली. फ्रान्सच्या एक्सपी कंपनीचे 'देउस' २००९ साली आले. हलके, चकतीपासून हेडफोनपर्यंत कुठे वायर नाही, आणि गंजक्या खिळ्यांच्या गर्दीतून शेजारचे नाणे झटकन वेगळे काढणारे. यातली गंमत अशी की फ्रान्समध्ये १९८९ च्या कायद्यानुसार सरकारी परवानगीशिवाय अशा यंत्राने पुराणवस्तू शोधायला बंदी आहे. म्हणजे घरचे शेत बंद, आणि लौकिक इंग्लंडच्या शेतात. आपल्यापैकी बऱ्याच जणांना ही कहाणी ओळखीची वाटेल.

केंटमधल्या अ‍ॅशफर्डच्या सी-स्कोपबद्दल काकांना माया आहे. इंग्लिश माती, इंग्लिश यंत्र, दुरुस्तीला गाडीने जाऊन येण्याजोगे अंतर. तुर्कस्तानच्या नोक्ताविषयी शेवटच्या पानांवर कौतुक आहे: कमी किमतीत इतरांची बरीचशी विद्या. आणि अमेरिकेच्या टेसोरोच्या पानावर काळी चौकट काढून लिहिले आहे: 'आजन्म हमी. कोणाचा जन्म, ते लिहिले नव्हते.' टेसोरो आपल्या यंत्रांना आजन्म हमी देत असे, आणि २०१८ साली कंपनीच बंद झाली. १९५० पासून चाललेली ओरेगनची व्हाइट्सही २०२० साली संपली. ज्यांनी वीस वर्षे 'व्हाइट्सच सर्वांत चांगले' म्हणून मित्रांशी अबोला धरला होता, त्यांचा वाद एका सकाळी निकालात निघाला.

*

एवढे गुण सांगितल्यावर दोष सांगण्याचा अधिकार मला मिळाला असे समजतो.

पहिला दोष म्हणजे 'खोली' हा रकाना. वहीत सर्वांत जास्त गुण खोलीला आहेत, आणि छंदिष्टांच्या गप्पांतही हाच शब्द सारखा येतो. माझे आठ इंच जाते, तुझे सहाच. काकांनी ही खोली मोजली कुठे? शेजारच्या गृहस्थांच्या क्लबात, हॉलमधल्या टेबलावर. यंत्र आडवे ठेवायचे, नाणे हवेत धरून पट्टीने अंतर मोजायचे. पण हवेत ना ओल, ना गंज, ना गारगोट्या. वॉटफर्डच्या आसपासच्या चिकणमातीत आणि गारगोट्यांत तेच यंत्र वेगळे वागते. स्वयंपाकाची परीक्षा भांडी वाजवून करण्यासारखे हे आहे.

यापेक्षा मोठी चूक अशी, की जास्त खोली हवी कशाला, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. नांगराने उलथलेला मातीचा थर वीतभर किंवा थोडा जास्त. त्यातल्या वस्तू आधीच जागेवरून हललेल्या असतात, त्यामुळे त्या उचलल्याने इतिहासाचे फारसे बिघडत नाही. त्याखालची माती मात्र जशीच्या तशी असते. नाणे कशात ठेवले होते, पेटी होती की मडके, शेजारी काय होते, हे सगळे तिथे शिल्लक असते. इथली जबाबदार शोधाची आचारसंहिताच सांगते की नांगराच्या थरापुरते काम करा, खाली काही लागले तर थांबा आणि तज्ज्ञांना बोलवा. म्हणजे ज्या इंचांसाठी लोक हजार पौंड जास्त मोजतात, नेमक्या त्या इंचांवर चांगल्या माणसाने हात आखडायचा असतो. काकांसारख्या इंजिनिअरच्या ध्यानात हे आले नाही याचे मला नवल वाटले.

दुसरा दोष पुराव्याचा. 'अमक्याला या यंत्राने सोने सापडले, सबब हे यंत्र उत्तम.' वहीत अशी कात्रणे चिकटवलेली आहेत. पण तीच कात्रणे नीट वाचली तर काय दिसते?

सफोकमधल्या हॉक्सन गावी १६ नोव्हेंबर १९९२ रोजी एरिक लॉज नावाचे गृहस्थ शेतात उतरले ते खजिन्यासाठी नव्हे. त्यांच्या शेतकरी मित्राची हातोडी हरवली होती. यंत्र त्यांना निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेले. सापडली रोमन काळातली सोन्याचांदीची जवळजवळ पंधरा हजार नाणी आणि दागिने. लॉज यांचे खरे मोठेपण पुढे आहे. काही वस्तू वर येताच ते थांबले, त्यांनी कळवले, आणि पुरातत्त्वज्ञांनी येऊन बाकीचे उकरले. म्हणून ती नाणी पेटीत होती आणि आत वाट्या-चमचे कसे रचले होते हे आपल्याला कळले. पुढे हातोडीही सापडली आणि तीही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

जुलै २००९ मध्ये स्टॅफर्डशरमध्ये टेरी हर्बर्ट यांना अँग्लो-सॅक्सन सोन्याचा आजवरचा सर्वांत मोठा साठा सापडला. त्याची किंमत बत्तीस लाख पौंडांवर ठरली. वर्तमानपत्रांनी तेव्हा छापले होते की त्यांचे यंत्र चौदा वर्षांचे जुने, कार-बूट सेलमध्ये अडीच पौंडांना घेतलेले. अडीच पौंड! काकांच्या वहीत त्या यंत्राला रकानासुद्धा मिळाला नसता.

आणि आपल्या अगदी जवळचे उदाहरण. वॉटफर्ड जंक्शनवरून छोट्या अ‍ॅबी लाइनच्या गाडीत बसले की सेंट ऑल्बन्स येते. त्याच्या उत्तरेला सँडरिजजवळ २०१२ साली एका अगदी नवशिक्या माणसाला रोमन सोन्याची नाणी सापडली. बर्कमस्टेडच्या दुकानातून घेतलेले, शिकाऊ लोकांसाठीचे साधे यंत्र, आणि नुकतीच केलेली सुरुवात. काही नाणी घेऊन तो माणूस दुकानात परत गेला आणि आता पुढे काय करायचे असे विचारू लागला. पुढच्या शोधात एकूण १५९ नाणी निघाली. पाचव्या शतकाच्या आसपास, रोमन सत्ता इथून पाय काढत असताना कोणी पुरलेली. सेंट ऑल्बन्सच्या व्हेरुलेमियम संग्रहालयाने ती विकत घेतली.

तीन उदाहरणे, तीन यंत्रे, एकही वहीतल्या 'प्रथम क्रमांका'चे नाही. त्यांच्यात समान गोष्ट एकच. माणूस योग्य जागी, परवानगी घेऊन, प्रत्यक्ष उभा होता. काकांच्या वहीत 'जागा' असा रकाना नाही.

तिसरा दोष निष्ठेचा, आणि तो काकांपेक्षा त्यांच्या मित्रमंडळाचा जास्त. सातशे-आठशे पौंड घातले की ते यंत्र चांगले असावेच लागते. मग आपल्या घराण्याचा अभिमान. गाण्यात किराणा की जयपूर, आंब्यात देवगड की रत्नागिरी, कुकरमध्ये हॉकिन्स की प्रेस्टीज, आणि शेतात मिनलॅब की एक्सपी. फरक इतकाच की घराण्याच्या वादात निदान दोन्ही पक्ष गाणे ऐकतात. इथे क्लबात तीन तास वाद रंगतो आणि घरी जाताना कोणी शेतात काय सापडले हे विचारत नाही. 'डिटेक्टोरिस्ट्स' ही मॅकेन्झी क्रुक यांनी लिहिलेली आणि दिग्दर्शित केलेली बीबीसीची मालिका २०१४ साली सुरू झाली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी जरूर पाहावी. खजिना बहुतेक वेळा प्रेक्षकांना दिसतो, त्या दोघा मित्रांना नाही, आणि ते मात्र झाडाखाली बसून गप्पा मारत असतात. लेखकाने ओळखले आहे की हा छंद गप्पांचा आहे. पण त्या दोघांचे एक मान्य करावे लागेल. ते शेतात बसून गप्पा मारतात.

*

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यंत्रायंत्रांत फरक नाहीच असे माझे म्हणणे नाही. खाऱ्या ओल्या वाळूत एका फ्रिक्वेन्सीचे साधे यंत्र वेड्यासारखे ओरडते, तिथे बहु-फ्रिक्वेन्सीचे किंवा पल्स पद्धतीचेच हवे. जुन्या वस्तीच्या जागी, पावलोपावली खिळे असतील तिथे, झटकन सावरणारे यंत्र जास्त वेचते. सत्तरी ओलांडलेल्या खांद्याला अर्ध्या किलोचा फरक दिवसभरात कळतो. वहीतले हे शेरे उपयोगाचे आहेत आणि ते कोणीतरी नीट टाइप करून छापावेत असे मला वाटते. समीक्षेचा हा खरा उपयोग आहे: कोणाला, कुठे, कशासाठी. 'सर्वांत चांगले कोणते' या प्रश्नाला मात्र शेंडाही नाही आणि बुडखाही नाही.

आणि जे रकाने वादातून कायमचे गळाले आहेत त्यांचेही पाहू. सापडल्यावर काय? इंग्लंडमध्ये १९९६ चा ट्रेझर अ‍ॅक्ट १९९७ पासून लागू आहे. तीनशे वर्षांहून जुनी, ठरावीक प्रमाणात सोने-चांदी असलेली वस्तू मिळाली तर चौदा दिवसांत कॉरोनरला कळवावे लागते. २०२३ पासून व्याख्या आणखी रुंद झाली आहे. संग्रहालयाने वस्तू घेतली तर मोबदला बहुधा शोधणारा आणि जमीनमालक वाटून घेतात. ज्या वस्तू खजिन्यात मोडत नाहीत, म्हणजे बक्कल, बटण, सुटे नाणे, त्यांचीही नोंद स्वेच्छेने करण्यासाठी १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम चालते. पंधरा लाखांहून जास्त वस्तू तिच्यात नोंदल्या गेल्या आहेत. एका बक्कलची किंमत काहीच नसते. पण कुठल्या शेतात सापडले याची नोंद झाली आणि अशा हजार नोंदी नकाशावर उतरल्या, की हरवलेला रस्ता किंवा बाजार दिसू लागतो.

एकदा काका म्हणाले होते की यंत्र घेतले की आधी साताऱ्याला नेईन. मी त्यांना कायदा दाखवला. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट अजून आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचे गुप्तधन मिळाले तर कलेक्टरला कळवायचे. त्यावर १९७२ चा पुरावशेषांचा कायदा. आपल्याकडे हा छंद नाही, आणि 'गुप्तधन' या शब्दाला लागलेला अघोरी वास इतका जुना आहे की २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाखाली केलेल्या अमानुष कृत्यांचा उल्लेख करावा लागला. पण त्याच मातीत यंत्राशिवाय काय सापडले ते पाहा. १९७४ साली प्रवरेकाठी दायमाबादला एक भिल्ल शेतकरी झाडाचे मूळ खणत होता. त्याच्या कुदळीला लागले ते सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळाशी जोडले जाणारे कांस्याचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपान राजाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवला होता. कोणी कोणाला हरवले याचा तो धातूतला पुरावा. तो पुरावा उरला कारण ढीग एकत्र मिळाला आणि अभ्यासकांपर्यंत पोहोचला. ती नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती तर उरली असती फक्त चांदी.

*

आता शेवटचे, आणि खरे तर हेच आधी सांगायला हवे होते.

वही सुरू झाली त्याला कारण होते. १९८३ च्या उन्हाळ्यात मागच्या बागेत मेथी पेरताना काकूंच्या मंगळसूत्राची एक वाटी पडली. आईने घातलेली. चाळणीने माती चाळली, मिळाली नाही. १९९६ साली शेजारचे इंग्रज गृहस्थ यंत्र घेऊन आले, काकांनी आपल्या शेतातल्या शोधाच्या गोष्टी ऐकल्या, आणि काकूंना वचन दिले की चांगले यंत्र घेतो आणि वाटी काढून देतो. शेजाऱ्यांनी तेव्हाच म्हटले होते, माझे घ्या. काका म्हणाले, नको, आधी नीट अभ्यास करतो.

ही गोष्ट वहीत कुठेही नाही. मला काकूंनी सांगितली, वही परत करायला गेलो तेव्हा. म्हणाल्या, "अरे, मला वाटी नको होती रे. हे बागेत येतील, दोघं मिळून शोधू, असं वाटलं होतं."

एप्रिलच्या एका रविवारी मी शेजाऱ्यांकडून त्यांचे जुने सी-स्कोप मागून आणले. काकांनी सवयीने आधी डिस्क्रिमिनेशन चढवले, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा कागद आणि डब्यांच्या कड्या यांचा आवाज यंत्राने गाळावा. शेजारी कुंपणापलीकडून म्हणाले की असे करू नका, बारीक सोने आणि कागद यंत्राला एकसारखेच ऐकू येतात. कचरा नको म्हटलात तर सोनेही जाईल. काकांना हे माहीत होते. वहीत चौदाव्या पानावर लाल शाईने लिहिलेले आहे. पण वहीत असणे वेगळे आणि हाताला असणे वेगळे.

गाळणी काढली आणि तीन तास कचरा उकरला. सात कड्या, बाटल्यांची बुचे, चॉकलेटचे चंदेरी कागद, एक खिळ्यांचा पुडा, १९६७ ची एक पेनी आणि मोठ्या मुलाची चाके गेलेली खेळण्यातली मोटार. मोटार पाहून काकू पायरीवर बसूनच राहिल्या. काका कुदळीला टेकून उभे होते, आणि गुडघ्यांची तक्रार त्या दिवशी कोणी ऐकली नाही. वाटी मिळाली नाही. अर्धी बाग राहिली आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावर १९९१ साली घातलेली फरशी आहे. ती कल्पना कोणाची होती, हे काकूंनी मला दोनदा सांगितले.

काका, तुम्ही मत विचारलेत, ते असे. तुमची वही वाचनीय आहे, प्रामाणिक आहे, आणि तिचा निष्कर्ष चुकीचा आहे, कारण तिला निष्कर्षच नाही. एकही यंत्र घेऊ नका. शेजाऱ्यांचे पुन्हा मागून आणू. फरशीच्या कडेचे चार दगड मी उचलतो. येत्या रविवारी दहा वाजता येतो, चहा चालू असो वा बंद.